दाजींचं नवं शामिसेन

कानाझावा, ५ जून

चि. तोकुजीस,

ताईचा आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का? तू पाठवलेले सुके मासे पोचले. त्यातले निम्मे तुझ्या दाजींनी न शिजवताच, उभ्या उभ्या संपवले.

तू कातडं मढवून दिलेलं तीन तारांचं शामिसेन कसं वाजतं, विचारलंस. अरे, गल्लीतली माणसं हातचं काम टाकून ऐकत उभी राहतात. तीस वर्षं दाजी नुसतं नेटकं वाजवायचे. आता ऐकताना अंगावर काटा येतो. परवा त्यांचे जोडीदार हेइसाकू म्हणाले, "वहिनी, याला खायला काय घालता? थोडं मलाही वाढा की."

बाकी बदल बारीकसारीक आहेत, पण माझा स्वभाव तुला ठाऊक. बघितल्याशिवाय राहवत नाही. दुपारी ऊन सरकेल तसे ओसरीवर सरकत जातात. शिष्यांना शिकवताना चिमणी दिसली की हात थांबतो. आंघोळीचं पाणी पाहिलं की मागे सरतात, म्हणून मी ओल्या फडक्याने अंग पुसते. पुसताना पोटावर चार काळसर ठिपके दिसले. शामिसेनच्या कातड्यावर मांजरीच्या स्तनांच्या चार खुणा असतात ना, तसेच. मी दोऱ्याने मोजलं. माप तंतोतंत जुळलं. "अहो, हे कशाचं?" म्हटलं, तर म्हणाले, "तुला माहीत आहे."

तुलाही संशय आलाच आहे. मी पाठवलेलं ते कातडं व्यापाऱ्याकडचं नव्हे, आमच्या मांजरीचं, किनूचं. दाजी तिला हाका मारत गल्लीगल्ली हिंडत होते, तेव्हा ती तुझ्या फळीवर ताणलेली होती.

आणि ती म्हातारपणाने गेली नाही, तोकुजी. या घरात लाडाची हाक फक्त तिला मिळायची. मला "ऐकलं का" एवढंच. एका सकाळी मी तिला पाण्याच्या पिंपात दाबून धरलं. मनगटावर ओरखडे उठले, ते चुलीवर भाजलं म्हणून तुला कळवलं होतं.

तू लिहितोस, पावसाळा तोंडावर आहे, शामिसेन ओसरीवर ठेव. दमट हवेने कातडं आपोआप फुटेल आणि दाजी सुटतील. तुझं म्हणणं पटतं. तरी मी ते शेगडीजवळ ठेवलंय, कोरड्या कापडात गुंडाळून.

हल्ली मी भात रांधते तेव्हा ते दारात येऊन बसतात. माझ्या मनगटाकडे बघतात, मग गळ्याकडे. पापणी लवत नाही. कालपासून नखं कापू देत नाहीत. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं रे.

तू येऊ नकोस. माझं पत्र आलं नाही, तरी दाजींना मासे पाठवत जा.

तुझी ताई,
उमेनो