विनीतने ठरवलेली नळी

लालबाग, ६ फेब्रुवारी २०२४

ती. रखमाताईस लवूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. विनीतबरोबर पाठवलेली काविळीची माळ गळ्यात घातली आहे. डोळे अजून पिवळेच. अंगाला अशी खाज सुटते की सूनबाईने, मेघनाने, माझी नखं लहान मुलासारखी कापून टाकली.

विनीत सांगतो, बाबा, पित्ताच्या वाटेत खडा अडकलाय. मी मान डोलावतो. ताई, खडा नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, त्याच्या गाठीने ती वाट दाबली आहे. डॉक्टर विनीतला सांगत होते, मी पडद्याआड पडून ऐकलं. दुर्बिणीतून आत नळी बसवायची, म्हणजे पित्त वाहू लागेल. प्लास्टिकची बारीक, काही महिन्यांत तुंबते, बदलावी लागते. धातूची जाळीदार, रुंद, पुष्कळ दिवस मोकळी राहते. हातात बरेच महिने असतील तर धातूची, नसतील तर प्लास्टिकचीही पुरते, असं ते म्हणाले. तेवढ्यात मला तिथून हलवलं.

काल विनीत म्हणाला, प्लास्टिकची ठरवली. मी काय ते समजलो. तारीख मिळायची आहे. भीती वाटते गं, आणि इथे कुणाला सांगवत नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा लवू

देवगड, १२ फेब्रुवारी

चि. लवूस अनेक आ.

पत्र वाचून आधी रडून घेतलं, मग तुझा राग आला. एवढं एकट्याने गिळून बसलास?

आता नीट वाच. प्लास्टिकची नळी डॉक्टरांनी नाही, मी ठरवली. माळ न्यायला आला तेव्हा विनीत म्हणाला, डॉक्टर धातूची घाला म्हणतात, पण ती सहसा परत काढता येत नाही. मी उसळले. खड्याच्या काविळीला कायमची नळी कशाला? माळ पोटापर्यंत उतरली की कावीळ जाते, आपल्या वाडीत सगळ्यांची गेली. माझी शपथ घातली त्याला. पोर बरं म्हणून माळ घेऊन निघालं. त्याला मला खरं सांगायचं नव्हतं, मग वाद तरी काय घालणार?

म्हणजे डॉक्टरांनी तुझ्या हातात बरेच महिने धरलेत, वेड्या. माझी शपथ सुटली म्हणून विनीतला सांग. तुला सगळं ठाऊक आहे हेही आजच सांग. स्पीड पोस्टाने पाठवतेय.

जिवाला जप.

रखमाताईचे आशीर्वाद

लालबाग, २६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र विनीतच्याच हातात दिलं. वाचता वाचता तो खाली बसला. म्हणाला, बाबा, तुम्हाला सांगायला तोंडच उघडत नव्हतं. माझंही तेच होतं. दोघं रडलो, मेघनाने दोघांनाही दटावून चहा दिला.

धातूची नळी बसली. खाज गेली, डोळे निवळले. परवा कुळथाची पिठी आणि भात मागून घेतला. माळ अजून गळ्यात आहे. मेघना म्हणते, आता आत्या सगळं श्रेय माळेलाच देणार.

रोग आहे तिथेच आहे. नळीने वाट मोकळी झाली, एवढंच. या वेळी विनीतने माझ्यासमोर विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, काही महिने, वर्षाचं सांगवत नाही. दोघांनी ऐकलं. घरी येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही.

आंब्याचा हंगाम आटपून येते म्हणशील. तसं करू नकोस, आधी ये. लोभ असावा असं लांबून किती वर्षं लिहायचं? आता तो इथे येऊन कर.

तुझा लवू