तीन हजार लिटरचा समुद्र

३ फेब्रुवारी, सोमवार

समुद्र तयार झाला! लोणंदहून आणलेली मिठाची दोन पोती, वर पाच किलो, आणि तीन हजार लिटर पाणी. लिटरला पस्तीस ग्रॅम. आमच्या शेडमधल्या फिटर धनाजीमामांनी बोट बुडवून चाटलं आणि मान डोलावली — जसा काही जन्मभर समुद्रच चाखत आलेत! खरा समुद्र आम्हा दोघांनीही पाहिलेला नाही. दोघंही कवठे महांकाळच्या बाजूचे. आमच्याकडे टँकर येतो तीच भरती.

आता शिरवळच्या या शेडमध्ये जहाजासाठी यंत्र बनवतोय. दोन हजार प्रवासी. त्यांच्या अंघोळी, स्वयंपाक, चादरी — सगळं पाणी समुद्रातून काढायचं आणि त्यासाठी डिझेल जाळायचं. म्हणून जहाज कंपनीची अट: हजार लिटर गोड पाण्याला तीन युनिटच्या आत वीज. चोवीस तारखेला त्यांचा माणूस बघायला येणार.

सगळी मदार एका फिरकीवर आहे. गोड पाणी निघाल्यावर जे खारं उरतं, त्यात जोर खूप असतो. तो फुकट न घालवता फिरकी आत येणाऱ्या पाण्याला देते. मामा तिला भवरा म्हणतात. ती जिथे घट्ट बसते ती बैठक त्यांनी आठ दिवस हाताने घासून बसवली.

यंत्र पास झालं तर जहाजावर बसवायला एकच माणूस जाणार. मामा. छपन्नाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढलाय. डब्याच्या पिशवीतून रोज घेऊन येतात, जसं काही जहाज दारात उभं आहे.

४ फेब्रुवारी

दोन पूर्णांक आठ युनिट! पहिल्याच दिवशी! शेडप्रमुख उदयसिंह साहेबांनी सगळ्या शेडला भेळ दिली. मीठ मोजायचा मीटर मात्र बिघडला. दुरुस्तीला पुण्याला गेला.

५ फेब्रुवारी

आईला शेड दाखवली. आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरलेत, म्हणून ती महिनाभर माझ्या खोलीवर आहे. तिने सगळं नीट बघितलं, आणि जिथे गोड पाण्याचा पाइप परत खाऱ्या टाकीत पडतो तिथे थांबली.

"आगं, गोड पानी मिठात वतताय व्हय?"

समजावलं — दोन्ही पाणी परत टाकीत आलं की समुद्र तेवढाच खारा राहतो, रोजची चाचणी सारखी होते. तिने ऐकून घेतलं. माझी आई बोलली नाही की समजावं, आपण हरलो.

संध्याकाळी मामा हातपाय धुवायला गेले तेव्हा वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून स्कूटीवर घातले. चोरी नाही, यंत्र तेवढं पाणी दहा मिनिटांत काढतं. पण कुणाला विचारलंही नाही. खोलीवर बोअरचं पाणी, त्यात डाळ शिजता शिजत नाही. आज दोन शिट्ट्यांत शिजली. आईने पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघितली.

८ फेब्रुवारी

दोन पूर्णांक नऊ. होतं थोडं कमीजास्त.

कॅन रोज नेते. आईने या पाण्याने केस धुतले आणि दिवसभर तेच सांगत होती.

११ फेब्रुवारी

तीन. बरोब्बर तीन.

मामांनी भवरा खोलला, बैठक बघितली, परत बसवला. म्हणाले काही दोष नाही. साहेब म्हणाले, दोष नाही तर वीज कुठे जातेय?

१३ फेब्रुवारी

तीनच्या वर. आज भेळ नाही, चहासुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तीन पूर्णांक दोन. वाईट दिवस.

साहेब सकाळीच शेडमध्ये आले, तर टाकीमागे बादली आणि मिठाची पिशवी. मामांना विचारलं. टाकी रोज जराशी उतरते, म्हणून मिठाचं पाणी कालवून रेघेपर्यंत भरून ठेवतो, असं मामा सांगू लागले. कशामुळे उतरते? मामा गप्प. साहेबांनी लगेच निकाल लावला: बैठक गळतेय, म्हणूनच जोर वाया जातो, म्हणूनच वीज जास्त लागते. आणि मामा ते झाकतायत.

मला अहवाल लिहायला सांगितला. 'बैठकीतून गळती असावी', मी लिहिलं. खाली सही केली. लिहिताना फरशीकडे बघितलं होतं. ती कोरडी खडखडीत होती. तरी लिहिलं.

दुपारी मामांचं नाव कापून माझं घातलं. जहाजावर मी जाणार! आनंद झाला. तोही लिहून ठेवते, लपवून काय करू? मामांनी 'जा, बघून ये' म्हटलं आणि पिशवी उचलून गेले.

संध्याकाळी कॅन भरलेच. सवय.

१६ फेब्रुवारी, रविवार

आई कॅनमधलं पाणी हंड्यात ओतत होती. सहज म्हणाली, धा दिस झालं, बोअरच्या पान्याला हात लावला न्हाई.

दहा दिवस. रोज चाळीस लिटर. चारशे लिटर.

गोड पाणी मी नेलं, मीठ टाकीतच राहिलं. त्यावर रोज मामांनी आणखी मिठाचं पाणी घातलं. समुद्र दिवसेंदिवस खारट होत गेला, आणि जितका खारट तितका यंत्राला जोर जास्त लावावा लागतो, वीजही जास्त. बैठकीत काहीही दोष नाही.

आणि रोजच्या अहवालातला मिठाचा रकाना? मीटर पुण्याला. मी रोज पस्तीसच लिहीत आले. पहिल्या दिवशी पस्तीस होतं म्हणून.

लाज वाटली. आईला सांगितलं. ती म्हणाली, मग सांग जा साह्यबाला. आणि तिने भाकरी थापायला घेतली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. साहेबांनी शेजारच्या कारखान्यातून मीटर मागवला. चाळीसला जरा कमी! पाणी नेलंस त्याचं एवढं नाही, पण पस्तीस का लिहिलंस, एवढंच विचारलं.

टाकी रिकामी केली. नवी दोन पोती, वर पाच किलो. मामांनी चाटून बघितलं. दोन पूर्णांक आठ.

जहाजावर मामाच जाणार. चोवीस तारखेनंतर सहा महिने माझ्या अहवालांवर दुसऱ्याची सही लागेल. बरोबर आहे. वाईट वाटतंय, पण बरोबर आहे.

१८ फेब्रुवारी

मामांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं. टाकी कशामुळे उतरते हे साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प का राहिलात, म्हटलं. ते डब्याचं झाकण लावत बसले.

"तुझी गाडी रोज जड जाताना बघत हुतो की. म्हनून तर भरत हुतो — तुला कुनी बोलू नये."

म्हणजे शनिवारी नाव कापलं तेव्हाही त्यांना ठाऊक होतं.