मंद आच आणि बाबांची खुर्ची

३ नोव्हेंबर
ज्यांच्या बापांनी हयातभर धुरावर मांस सुकवायच्या स्मोकरला हात लावू दिला नाही, अशा तमाम मुलांनो! अन्याय संपला. बाबा उन्हाळ्यात गेले. स्मोकर आता माझा, त्याच्याजवळची खुर्चीही.
आई तेव्हापासून ताटावरून अर्धवट उठते. काल मात्र स्वतःहून म्हणाली, ते करायचे तशी सुक्या मांसाची जर्की एकदा होऊ दे. मी उभं राहून घोषणा केली: रविवारी! बायको म्हणाली, अहो, आधी हातातला ग्लास सावरा.

५ नोव्हेंबर
मांसाच्या पातळ पट्ट्या कापल्या, मीठ-मिरी लावून टांगल्या. खाली कोळसे. सत्तर अंशांवर धीराने सुकवायचं. धीर माझ्या रक्तात आहे.
तापमानाचा काटा नव्वदवर. गार व्हावं म्हणून झाकण उघडलं, कोळशांना वारा मिळाला. एकशे दहा. पुन्हा उघडलं. ज्वाळा.
कोळसा निकृष्ट. बायको म्हणाली, बरं झालं, चपलेला तळ लावायचाच होता.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
नवं मांस. स्मोकरसमोर बसून त्याला संयमावर भाषण दिलं. मग चहाला आत गेलो. परतलो तर खालची हवेची झडप, मी सताड उघडी ठेवलेली, जेमतेम बोटभर उघडी. काटा सत्तरवर.
बायको बाहेर गेलेली. आई तिच्या खोलीत.
खात्री करायला झाकण उघडलं. पंच्याण्णव.

८ नोव्हेंबर
भुतांविरुद्ध मी भरसभेत बोललेलो आहे. नोंद असावी.
आज आत असताना अंगणातून खोकला ऐकू आला. बाबांचाच, तो धुरातला, दोन ठसक्यांचा. धावत गेलो. कुणी नाही. खुर्ची कोमट. बाजूच्या खुंटीवरच्या त्यांच्या कोटाला ताज्या धुराचा वास.
हळूच म्हणालो, बाबा, जमतंय मला. काटा चढला. झाकण मी फक्त तीनदा उघडलं होतं.
बायकोला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, पांढरेफटक का पडलात?

९ नोव्हेंबर
शेवटच्या पट्ट्या. मुद्दाम आत आलो, दिवा न लावता खिडकीशी उभा राहिलो.
कोट आला. खुर्चीत बसला. वाकून झडप फिरवली. खोकला.
आई होती.
बाहेर गेलो. ती दचकली नाही. म्हणाली, झडप मीच फिरवायचे, ते नुसते गप्प बसायचे. मी म्हटलं, आई, जर्की होईलच. ती म्हणाली, अरे, दात कुठे आहेत मला? धूर हवा होता. धूर झाला की ते इथेच असल्यासारखे वाटतात. पण तू सारखा बोलत असतोस, मग जातात.
काटा सत्तरवर होता. हात झाकणाकडे गेला. मागे घेतला.
आत आलो. अजून बसली आहे.
तमाम मुलांनो, खुर्ची रिकामी करा.