कोएलच्या पुलाखाली

चक्रधरपूर
१२ जानेवारी १९३६

प्रिय मेजदा,

‘ज्यानं पूल बांधला, त्यानं पहिली गाडी पुलाखाली उभं राहून बघायची.’ बाबांचं हे वाक्य तू स्मारक-पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापतो आहेस, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यांची तिन्ही पदकं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या भिंतीसाठी पाठव आणि कोएल नदीवरच्या पुलाची आठवण लिहून दे, असं म्हणतोस. दोन पदकं या पार्सलात आहेत. सोबत खजुराचा नवा गूळ आहे. वहिनीला तो मुलांपासून लपवून ठेवायला सांग.

आठवण लिहायला बसले. पुलावरून पहिली गाडी गेली त्या दिवशी मी सात वर्षांची होते, तू बारा. बाबा टोपी सावरत खाली वाळूत उतरले. इंजिनानं शिट्टी दिली, पूल थरथरला आणि तू माझे डोळे झाकलेस. धुरानं चुरचुरतील म्हणालास. मेजदा, तुझी बोटं नीट जुळली नव्हती. बाबा धावत वर आले, ते मी पाहिलं. मुकादम सोमरा मात्र तिथंच उभा राहिला, खैनी मळत, मान वर करून, शेवटचा डबा जाईपर्यंत.

रौप्यपदक देताना लाटसाहेबांनी वाचून दाखवलं, की अघोरनाथबाबू स्वतः पुलाखाली उभे राहिले. बाबांनी खाली मान घालून ते छातीला लावून घेतलं. सगळ्यांत जोरात टाळ्या सोमरानं वाजवल्या. नंतर आपल्या अंगणात येऊन म्हणाला, “बाबू, पाय पळाले तुमचे, पूल कुठं पळाला?” बाबा हसले नाहीत. ते पदक त्यांनी पुन्हा कधी छातीला लावलं नाही. तू त्याला साधेपणा म्हणायचास.

जाण्याआधी आठ दिवस त्यांनी ते माझ्या मुठीत ठेवलं. “सोमराचं आहे,” एवढंच म्हणाले. मी घेऊन गेले. सोमरा आता पार वाकलाय. पदक उलटंपालटं करून त्यानं परत दिलं. “खुकी, मी काय करू याचं? बकरीच्या गळ्यात बांधू?” मग म्हणाला, “मी तिथं उभा होतो, एवढं एकदा कुणीतरी चारचौघांत वाचून दाखवा. नातवंडं मला थापाड्या म्हणतात.”

बाबांना लहान करायचं नाही मला. छत्तीस पावसाळे त्यांचा पूल उभा आहे. पण खोटी आठवण मी लिहिणार नाही.

म्हणून खरी लिहिली आहे. एकच पान आहे, पार्सलात वरच ठेवलंय. रविवारच्या सभेला मी तिसरं पदक घेऊन येते आहे आणि सोमरालाही. त्यानं धोतर धुऊन ठेवलंय. ते पान मी वाचलं, तर लोक म्हणतील, बापाचं आजारपण काढून काढून बाईचं डोकं फिरलं. तू वाचलंस, तर ऐकतील. तूही पाहिलं होतंस. तू नाही म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तरी मागते आहे, मेजदा. सोमराचं नाव तू वाच.

तुझी धाकटी बहीण,
खुकी