नामदेवची हवेची गादी

७ जानेवारी १९७१, गुरुवार. सिहोरा.

शनिवारी मला आणि नामदेवला बोडीच्या पाण्यावर, दोन वेगळ्या मचाणांवर, डुकराच्या शिकारीला बसायचं आहे. मचाणावर थंडी खालून मारते, वरून कितीही पांघरा. भाताच्या तणसानं भरलेलं माझं पोतं आहेच. पण आज नामदेवनं त्याची हवा भरायची रबराची गादी आणून दिली. म्हणे, "भाऊ, तुमची कंबर धरते. हे तुमीच न्या, मी तणसावर झोपतो."

काहून? हा माणूस विडीसुद्धा अर्धी ओढून मग देतो.

संध्याकाळी ओसरीत गादी फुगवून आडवा झालो. ऊब चांगली आहे. पण कूस बदलली की कर्र. पुन्हा बदलली, पुन्हा कर्र. अंगणातल्या शेळीनं कान टवकारले. शेळीला ऐकू जातं, तर डुकराला? म्हणजे ते माझ्या मचाणाकडून बिचकणार आणि सरळ नामदेवच्या बंदुकीपुढे. मागच्या खेपेलाही त्यानंच मारलं होतं.

तसाच उठून त्याच्या घरी गेलो. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणतो, "वाजते ना? म्हणून त देली. मागच्या खेपेले तुमी घोरून राहिले होते, म्हणून डुक्कर माझ्याकडे आलं. हे वाजन त तुमी जागे राहाल."

मी घोरतो? साफ खोटं. गादी त्याच्या ओट्यावर टाकून आलो. इतक्या वर्षांत बायको एका शब्दानं बोलली नसती?

घरी येऊन तिला सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं. भात उतरवता उतरवता म्हणाली, "थे गादी वापस काहून देली? घरीच राहू द्याची होती."