पंचवीस पावलांपर्यंत

नाहूर, शनिवार

प्रिय उत्तरा,

नाहूरहून मरोळ काही लांब नाही, पण फोन तू उचलत नाहीस आणि गुरुवारी येतेस तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलत नाहीस. तू मरोळला जाईपर्यंत वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आपण, आता पत्र लिहायची वेळ आली. असो. टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

गेले आठ गुरुवार तू श्रुतिकाला घेऊन येतेस. पाणी घेत नाहीस. ह्यांच्या समोर पोरीला बसवतेस, हातात सुई-दोरा देतेस आणि म्हणतेस, ओव बाळा, काकांना बघू दे. डावा डोळा गेल्यापासून तिला सुईचं अंतर कळत नाही. दोरा कधी अलीकडे जातो, कधी पलीकडे. साड्यांना फॉल लावून स्वतःचं कॉलेज भागवणारी मुलगी ती. मागच्या खेपेला ती म्हणाली, आई, बस ना आता. तू म्हणालीस, काकांना विचार, बस का. सतराव्या वेळी दोरा गेला. तेव्हा तू म्हणालीस, भावोजी, टाळ्या वाजवा. आणि ह्यांनी वाजवल्या गं. खाली मान घालून वाजवल्या.

तू गेलीस की हे जेवत नाहीत. मी ताट वाढते, झाकून ठेवते, सकाळी तोच भात फोडणीला टाकते. बोलतात एवढंच, माझाच चुकला गो, तिचा काय चुकला?

ती बंदूक ह्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची, हे तुला ठाऊक आहे. मुलुंडच्या सराफाकडे नोकरी मिळाली ती घरात बंदूक होती म्हणूनच, बिनबंदुकीच्या वॉचमनला कोण विचारतो? आधी सासऱ्यांची लांब नळीची होती, गावी रानडुकरांसाठी. ती दुकानाच्या काचेच्या दाराला आपटायची, म्हणून ह्यांनी आखूड नळीची घेतली. शेठ म्हणाला, धोंडू, आता शोभतोस. अकरा वर्षं हे स्टुलावर ती घेऊन बसले आणि एकदाही घोडा ओढला नाही. तू चेष्टेनं म्हणायचीस, भावोजींची बंदूक म्हणजे लग्नातली तलवार. हे हसायचे.

रविवारी हे नळी पुसायला बसले की मी पोळ्या लाटता लाटता विचारायची, ह्यानं माणूस मरतो का? सांगायचे, मोठ्या दाण्यांचं काडतूस असेल तर मरतो. त्यात बोटांवर मोजावेत इतकेच दाणे, पण एक लागला तरी पुरे. मग हे दुसऱ्या डब्यात काय आहे? ते गावचं, पाखरांचं. त्यात ज्वारीएवढे दाणे, शेकड्यानं. माणसाला चावतील, मरायचा नाही. आणि लांब किती जातं? म्हणाले, आखूड नळीचा भरवसा पंचवीस पावलांपर्यंत. त्यापुढे दाणे पसरतात, देवाच्या हातात.

माझा स्वभाव तुला माहीत. मासे खाईन, पण जिवंत चिंबोरी माझ्याच्यानं मोडवत नाही. ती तूच मोडून द्यायचीस, म्हणायचीस, खाणार तू आणि पाप माझ्या माथी. मी हसून खोबरं वाटायला घ्यायची. दोन वेळा दिवा लावते, शनिवारचा उपास चुकवत नाही, आणि माझ्याच देवघराखाली माणूस मारायची वस्तू ठेवलेली. रोज फुलं वाहताना तेच मनात यायचं. उद्या ह्यांच्या हातून कुणाचा जीव गेला, तर ते पाप फेडायला किती जन्म लागतील?

त्या दिवशी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, तो चोर दुकानात कोयता मारून दागिन्यांचा ट्रे घेऊन पळाला तेव्हा रस्त्यापलीकडे पोहोचला होता. पस्तीस पावलं. पोलिसांनी फीत लावून मोजली. ह्यांनी मोकळी जागा बघून बार काढला. मोठे दाणे असते तर एवढे पसरले नसते, असं पोलिसांच्या तज्ज्ञानंच लिहिलंय. पण निघाले बारीक. चोराच्या पाठीत चार घुसले आणि तो तसाच पळाला. बाकीचे फटाफट दुकानांच्या पाट्यांवर, फुलवाल्याच्या हारांवर, आणि एक दाणा साडीच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या श्रुतिकाच्या डोळ्यात. तिच्या हातात पिशवी होती. ती तिनं सोडली नाही म्हणे.

पट्ट्यातली उरलेली काडतुसंही सगळी पाखरांचीच निघाली. हे पोलीस चौकीतून आले आणि दारातच मला विचारलं, दसऱ्याला पूजेच्या पाटावर मी कुठला डबा काढून ठेवला होता गं? मी म्हटलं, तुम्हीच काढलात, मला त्यातलं काय कळतं? वर म्हटलं, चष्मा लावून भरायला काय झालं होतं? नंबर वाढला होता, पण नवा चष्मा करायचं मीच दोन वर्षं लांबवलं होतं. तेव्हापासून हे गुन्हेगार.

उत्तरा, डबा ह्यांनी बरोबर काढला होता. हे खाली सोनं वाटायला गेले तेव्हा मी पाटावरची काडतुसं उचलली आणि दुसऱ्या डब्यातली मांडली. दिसायला सारखीच लाल, वरचा आकडा घासून गेलेला. एकेकाला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. ह्यांनी परत येऊन नमस्कार केला आणि स्वतःच्या हातांनी पट्ट्यात भरली. त्या रात्री मला किती शांत झोप लागली. आणि खरं सांगू, नंतरही लागली. तू ह्यांना टाळ्या वाजवायला लावलंस तेव्हा मी आत कुकर उतरवत होते. सगळं ऐकू येत होतं. मनात आलं, देवा, माझ्यावर नाही आलं.

पुढच्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी कोर्टात तारीख आहे. हे वकील नको म्हणतात, उभं राहून गुन्हा कबूल करणार म्हणतात. मी काल दोनदा ह्यांच्यापुढे जाऊन बसले. दोन्ही वेळा भाजी कुठली करू विचारून उठले. माझ्यानं होणार नाही. म्हणून तुला लिहिलं. येत्या गुरुवारी येशील तेव्हा हे पत्र आण आणि ह्यांच्यासमोर मोठ्यानं वाच, पहिल्या ओळीपासून. श्रुतिकाही बसू दे. मी तिथेच असेन. मध्येच मी तुला थांब म्हणेन, पाया पडेन, कदाचित खोटं आहे असंही म्हणेन. तू वाचत राहा.

हे वाचूनही तू म्हणू दिलंस तर तुझीच,
सुलक्षणा