टोबीच्या दोन ओळी

प्रिय टोबी,

तुझ्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघतेय, हे वर्तमानपत्रात वाचलं. जमीनदारीणबाईंनी अंक मुद्दाम पाठवून दिला. माणसाच्या स्वभावावर असं नेमकं बोट ठेवणारा कवी लंडनमध्ये दुसरा नाही, असं छापलंय. अभिनंदन. इकडे आमच्या जूडिथला जाऊन सात आठवडे झाले. देवी आल्या आणि चार दिवसांत सगळं संपलं. तू पाठवलेली लाकडी बोट पोचली तेव्हा तिचे डोळे उघडत नव्हते. हातानं चाचपून म्हणाली, "मामाची?"

प्रार्थना अँब्रोजनीच म्हटल्या. शेजारच्या गावच्या पाद्र्याला बोलवा म्हटलं, तर म्हणाले, "माझ्या पोरीला मीच पोचवीन." सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, टोबी. दुःखानं नव्हे. रुमाल निघतो का, ते बघायला. तुझ्या ओळी इथं शेंबड्या पोरांनाही पाठ आहेत:

आधी ढाळी अश्रू पाद्री, भिजवी सारा रुमाल,
मग विचारी हळूच, "आज कोण बरे गेले म्हणाल?"

त्यांनी एक थेंब काढला नाही. जबडा इतका आवळला होता की शब्द धड फुटेनात. परतताना लोहाराची बायको मागून म्हणाली, "परक्यांसाठी पाट वाहायचे, आणि पोटच्या पोरीला एक टिपूस नाही!"

त्या ओळी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा ते स्वतःच खो खो हसले होते. मग लोहार दारावरून ओरडायला लागला, "पाद्रीबाबा, रुमाल घेतलात ना?" हळूहळू त्यांनी दफनाच्या वेळी रडणं सोडलं. आता घरातही रडत नाहीत. जूडिथचे बूट चुलीपाशी आहेत, ते ओलांडून जातात.

गेल्या सोमवारी पाव कापता कापता त्यांनी विचारलं, "हेस्टर, टोबीच्या ओळीतलं ते 'कोण गेलं' मी चर्चच्या मागच्या खोलीत विचारलं होतं. तिथं आपण दोघंच होतो ना?" आवाजात राग नव्हता. मी म्हणाले, "दाराबाहेर जेबेझ होता."

कसं तोंडून निघालं, देव जाणे. तीस वर्षं या गावाच्या कबरी खणणारा म्हातारा. जूडिथची कबरही त्यानंच खणली, गोठलेल्या जमिनीत, एकट्यानं. दुसऱ्या दिवशी अँब्रोजनी त्याला कामावरून काढलं. तो टोपी हातात घेऊन आमच्या दाराशी आला. "बाईसाहेब, मी काय केलं, तेवढं तरी सांगा." मी दार लावून घेतलं.

तुला आठवत असेल, तू स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसला होतास आणि तो किस्सा मीच तुला सांगितला, नकला करून. जे सांगितलं नाही ते हे: तापाची साथ होती, आठवड्यातलं ते पाचवं दफन होतं, ते तीन दिवस झोपले नव्हते, आणि रडणं खरं होतं. एवढं सांगितलं असतं तर तू हसला नसतास. मला तुला हसवायचं होतं. हे त्यांच्यासमोर बोलायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून हे पत्र लाखेची मोहर न लावता, वर त्यांचं नाव लिहून, त्यांच्या मेजावर ठेवतेय. तुझ्या हाती पडलं, तर समज की त्यांनी ते वाचलं आणि मोहर त्यांनीच लावली.

तुझीच बहीण,
हेस्टर